कोंबडीच्या भ्रूणाच्या डोळ्यातली प्रथिनं: ठाणे-नवी मुंबईत राहून अंड्यापासून जेलपर्यंत

एमएस्सी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला प्रकल्पाचे विषय वाटले गेले तेव्हा निम्म्या वर्गाने ठाण्याची खाडी पकडली. कुणी खारफुटी घेतली, कुणी फ्लेमिंगो, कुणी गाळातले किडे. माझ्या वाट्याला आली अंडी. ‘कोंबडीच्या भ्रूणाच्या वाढत्या डोळ्यातील प्रथिने’ असं भारदस्त शीर्षक होतं आणि त्यात नक्की काय करायचं हे मला पुढचे दोन महिने उमगलं नव्हतं. त्या दोन महिन्यांत मी तीन ट्रे अंडी, बरीच रसायनं आणि मॅडमचा पुष्कळसा संयम वाया घालवला. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितेय.

यासाठी फार भारी लॅब लागत नाही. उबवणीचं यंत्र, थंड फिरणारं सेंट्रिफ्यूज, जेल (प्रथिनं वजनानुसार वेगळी करणारा थलथलीत थर) चालवायचा छोटा संच, कलरीमीटर किंवा स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि एक बरा डिसेक्शन मायक्रोस्कोप, एवढं असलं की काम होतं. आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत हे सगळं असतं, फक्त एका खोलीत नसतं. माझं सेंट्रिफ्यूज दुसऱ्या मजल्यावर बायोटेकमध्ये होतं आणि बर्फ तळमजल्यावर मायक्रोबायोलॉजीत.

१. आधी प्रश्न छोटा करा

‘डोळ्यातली प्रथिनं’ म्हणजे हजारो प्रथिनं. दृष्टिपटल, पारपटल, काळा रंगथर, भिंग, प्रत्येकाचा संसार वेगळा. सहा महिन्यांच्या प्रकल्पात हे सगळं पेलणार नाही. माझा सल्ला सरळ आहे: भिंग घ्या.

कारण भिंगात निसर्गाने आपली सोय करून ठेवलीय. भिंगाच्या पेशी थोड्या जातींची प्रथिनं प्रचंड प्रमाणात बनवतात. त्यांना क्रिस्टलिन म्हणतात. कोंबडीच्या भ्रूणात त्यातलं डेल्टा क्रिस्टलिन सर्वांत आधी दिसतं आणि सर्वांत जास्त साठतं. भ्रूणाच्या भिंगातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांत निम्म्याहून जास्त वाटा त्याचाच. त्याच्या एका साखळीचं वजन साधारण ४८ ते ५० किलोडाल्टन (रेणूंच्या वजनाचं एकक), आणि अशा चार साखळ्या मिळून एक रेणू होतो. त्यासोबत बीटा गटाची साधारण २० ते ३५ किलोडाल्टनची आणि अल्फा गटाची २० किलोडाल्टनच्या आसपासची क्रिस्टलिनं असतात. सस्तन प्राण्यांत डेल्टा नसतं. ते पक्ष्यांचं आणि सरपटणाऱ्यांचं.

यातली गंमत तोंडी परीक्षेसाठी लक्षात ठेवा. डेल्टा क्रिस्टलिन मुळात एक एन्झाइम आहे: युरिया चक्रातलं आर्जिनिनोसक्सिनेट लायेज. शरीराने तेच प्रथिन उचललं आणि भिंगात भरलं. कोंबडीत त्याची दोन जनुकं आहेत. बदकाने हाच उद्योग आणखी एका एन्झाइमवरही केला, त्याच्या भिंगात लॅक्टेट डीहायड्रोजनेजही भरलेलं असतं. घरातलं पितळी पातेलं कधी धान्याचं माप म्हणून वापरावं तसा प्रकार. आणि अल्फा क्रिस्टलिन हे उष्णतेत इतर प्रथिनांना सांभाळणाऱ्या छोट्या प्रथिनांच्या भावकीतलं.

२. डोळा कधी काय करतो, हे वेळापत्रक भिंतीवर लावा

अंड्यातून पिल्लू २१ दिवसांनी बाहेर येतं. डोळ्याची घाई मात्र पहिल्या तीन दिवसांतच. दीड दिवसाच्या सुमारास मेंदूच्या पुढच्या भागातून दोन्ही बाजूंना फुगे येतात. ते बाहेरच्या त्वचेला टेकतात आणि ५० तासांच्या आसपास तिथली त्वचा जाड होऊन आत वळायला लागते. हेच होऊ घातलेलं भिंग, आणि डेल्टा क्रिस्टलिनही इथेच पहिल्यांदा सापडतं. तिसऱ्या दिवशी त्याची बंद पिशवी होते. मग पिशवीच्या मागच्या भिंतीतल्या पेशी लांबत लांबत पुढे येतात आणि पाचव्या दिवसापर्यंत पोकळी भरून टाकतात. डोळ्यावर काळा रंग चढायला साडेतीन दिवसांच्या आसपास सुरुवात होते.

सहाव्या दिवसाचं भ्रूण पहिल्यांदा बघाल तेव्हा दचकाल. डोके कुठे संपतं आणि डोळे कुठे सुरू होतात तेच कळत नाही. दोन काळ्या करवंदांना कुणी शेपूट जोडावं तसं दिसतं.

दोन-तीन दिवसांच्या भ्रूणाच्या मोहात पडू नका. पुस्तकात तेच चित्र असतं, पण एवढ्या भिंगातून जेलपुरतं प्रथिन काढायला ढीगभर अंडी लागतील. सहा, आठ, दहा आणि बारा असे चार दिवस घ्या. बाराच्या पुढे जायची गरजही नाही. त्यानंतर भ्रूणाला वेदना कळण्याचा प्रश्न गंभीर होत जातो, आणि परवानगीची बाजूही तशीच अवघड होते.

३. कागदपत्रं: हे काम अंडी आणण्याच्या आधीचं

मी हे उलटं केलं. अंडी आधी आणली, पत्र नंतर मागितलं. सही करणारे सर सुट्टीवर होते, आणि ती अंडी शेवटी शिपाईकाकांनी टाकून दिली.

लागणारे कागद असे:
- मार्गदर्शकाच्या सहीचा एक पानी आराखडा. किती अंडी, कितव्या दिवसापर्यंत, भ्रूणाचा शेवट कसा करणार, हे स्पष्ट लिहा.
- संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीचं पत्र. पिल्लू बाहेर न आलेलं अंडं त्यांच्या कक्षेत येतं की नाही याबद्दल प्रत्येक संस्थेची पद्धत वेगळी आहे. ‘गरज नाही’ असं उत्तर आलं तरी ते लेखी घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातलं विच्छेदन आटोक्यात आणल्यापासून बाहेरचे परीक्षक हा प्रश्न हमखास विचारतात.
- अंडी जिथून आणायची त्या हॅचरीसाठी कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र आणि तुमचं ओळखपत्र.
- रसायनांची मागणी. ही खरेदी विभागातून जाते, म्हणजे दीड महिना धरून चाला. घाई असेल तर मरीन लाइन्सला उतरून प्रिन्सेस स्ट्रीटवर जा, किरकोळ मापात बरंच मिळतं. बिल कॉलेजच्या नावावर घ्यायला विसरू नका.
- जैविक कचरा कुणाच्या ताब्यात द्यायचा त्याची नोंद. भ्रूणं आणि ऊती पिवळ्या पिशवीत जातात, कँटीनमागच्या डब्यात नाही.

४. अंडी: किराणा दुकानातली चालत नाहीत

दुकानातली पांढरी अंडी फलित नसतात. त्या कोंबड्यांनी कोंबडा पाहिलेलाच नसतो. इनक्युबेटरमध्ये ती महिनाभर ठेवली तरी फक्त सडतील. हे सगळ्यांना माहीत असतं असं मला वाटायचं, पण माझ्याच बॅचमधल्या एकाने डी-मार्टमधून दोन डझन आणली होती.

बाजारात ‘गावठी’ म्हणून विकतात ती फलित असू शकतात, पण ती कधी घातली, किती दिवस उन्हात टोपलीत होती, कोण सांगणार? प्रकल्पासाठी हॅचरीचीच घ्या. पनवेल, कर्जत, शहापूर या बाजूंना चौकशी केलीत तर मिळतात. तीसच्या ट्रेमध्ये देतात. घातल्याची तारीख विचारा, आणि शेवटपर्यंत एकाच जातीची घ्या. कडकनाथचा मोह टाळा. त्याच्या सगळ्या अंगातच काळा रंग असतो, आणि भिंगाला चिकटलेला काळा थर ओळखून काढणं हे आपल्या कामातलं निम्मं कौशल्य आहे.

बर्ड फ्लूची बातमी आली की पुरवठा एका रात्रीत बंद होतो. फेब्रुवारी २०२२मध्ये शहापूर तालुक्यात साथ निघाली तेव्हा हजारो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. म्हणून एकाच हॅचरीवर विसंबून राहू नका, आणि सबमिशनच्या महिन्यात पहिलं अंडं आणायचा बेत तर मुळीच नको.

आता प्रवास. आपल्याकडचा सगळ्यात मोठा सापळा इथे आहे, आणि पुण्यातल्या लोकांच्या टिपणांत तो सापडणार नाही. कोंबडीने घातलेलं अंडं गार राहिलं तर भ्रूण थांबून राहतं. हवा वीस अंशांच्या बरीच वर गेली की ते अर्धवट जागं होतं, उबवणीइतकी ऊब नसल्याने वेडंवाकडं वाढतं आणि पुष्कळदा मरतं. मे महिन्यात दुपारी दोनच्या लोकलमध्ये ३४-३५ अंशांत ट्रे मांडीवर घेऊन बसलात की ही सुरुवात झालीच. माझा पहिला ट्रे असाच गेला: ३० पैकी ९ अंड्यांत काही धड सापडलं. नंतर मी पहाटेची गाडी धरायला लागले आणि थर्माकोलच्या खोक्यात, अंड्यांना न टेकवता, पाण्याच्या गोठवलेल्या दोन बाटल्या ठेवायला लागले. ट्रान्स-हार्बर लोकलला सकाळी सातच्या आत बसायलाही मिळतं.

आणल्यावर अंडी रुंद टोक वर करून काही तास शांत ठेवा. लगेच उबवायची नसतील तर १३ ते १६ अंशांत ठेवा, जास्तीत जास्त आठवडाभर. घरचा फ्रिज ४ अंशांचा, तो फार गार. मायक्रोबायोलॉजीवाल्यांकडे बीओडी इनक्युबेटर असतो, तो थंडही करतो. १५ अंशांवर लावून एक कप्पा मागून घ्या. मी त्याबदल्यात त्यांच्या पेट्री डिश दोन आठवडे धुतल्या.

५. उबवण: सुट्टीचा हिशेब आधी करा

तापमान ३७.५ ते ३८ अंश, आर्द्रता ५० ते ६० टक्के. पाण्याचा एक पसरट ट्रे खाली ठेवला की उन्हाळ्यात जमतं. पावसाळ्यात आपल्या हवेतच इतकं पाणी असतं की ट्रे लहान करावा लागतो, नाहीतर आत बुरशी धरते. आर्द्रतामापक आत ठेवा, अंदाजावर जाऊ नका. अंडी दिवसातून तीनदा फिरवा. एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा म्हणजे कोणतं फिरवलं ते कळतं. पेनाची शाई नको, कवचातून झिरपते. खुडूक बसलेली कोंबडी हे सगळं न सांगता करते, हे मला त्या काळात रोज आठवायचं.

चारही वयांची भिंगं एकाच दिवशी काढलीत तर तुलना खरी होते. मंगळवारी काढायची असतील तर बारा दिवसांची अंडी गुरुवारी लावा, दहाची शनिवारी, आठची सोमवारी आणि सहाची बुधवारी. असं केलं की लावायचा एकही दिवस रविवारी येत नाही. आधीच्या बुधवारी ट्रे आणलात तर शेवटची अंडी बरोबर सात दिवस साठवलेली असतात, मर्यादेत.

वीज गेली तर घाबरून दार उघडून बघू नका. दार बंद, वर जाड चादर. तास-दीड तास यंत्र आपली ऊब धरून ठेवतं. मी दार उघडून थर्मामीटर वाचत बसले होते, तेवढ्यात ३१ झालं.

चौथ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या रुंद टोकाला मोबाइलचा टॉर्च लावा. लाल शिरांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर भ्रूण जिवंत आहे. नुसतं पिवळसर आणि स्वच्छ दिसलं तर अंडं फलित नव्हतं. रक्ताचं एकच कडं दिसलं तर भ्रूण वाढायला लागून मेलंय. ते लगेच काढा, नाहीतर आत फुटतं, आणि तो वास खोलीतून आठवडाभर जात नाही.

६. वय तासांवर मोजू नका, भ्रूणावर मोजा

‘आठ दिवसांचं’ म्हणून काढलेलं भ्रूण प्रत्यक्षात सातचं असू शकतं, खास करून वर सांगितलेला लोकलचा प्रकार झाला असेल तर. म्हणून १९५१मध्ये व्हिक्टर हॅम्बर्गर आणि हॉवर्ड हॅमिल्टन यांनी शरीराच्या खुणांवरून ४६ अवस्था ठरवून दिल्या, त्याच वापरा. सहा दिवसांना साधारण २९वी अवस्था, आठला ३४वी, दहाला ३६वी आणि बाराला ३८वी. पुढच्या अवस्थांत चोचीची आणि पायाच्या तिसऱ्या बोटाची लांबी मोजतात, म्हणजे मिलिमीटरची पट्टी हवी.

डोळ्यावर काम करणाऱ्यांसाठी एक खूण खास आहे. सातव्या-आठव्या दिवशी डोळ्याच्या बुबुळाभोवती छोट्या पांढुरक्या पुटकुळ्यांची माळ दिसते. मायक्रोस्कोपखाली त्या मोजा: आठव्या दिवशी १३ किंवा १४ भरतात. पुढे तिथेच डोळ्याला आधार देणारी हाडांची कडी तयार होते. मी प्रत्येक भ्रूणाच्या नोंदीत हा आकडा लिहायला लागले, आणि तोंडी परीक्षेत परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्याच पानावर घालवला.

७. भिंग काढणं

आधी सगळं मांडून ठेवा: दोन बारीक टोकांचे चिमटे (घड्याळजी वापरतात तसले), छोटी वाकडी कात्री, गाळणकागद, बर्फ, आणि थंड मिठाचं पाणी. कोंबडीच्या भ्रूणासाठी मीठ एक लिटरला ७.२ ग्रॅम. सस्तन प्राण्यांसाठी वापरतात ते ९ ग्रॅमचं नाही, आणि नुसतं डिस्टिल्ड पाणी तर अजिबात नाही. त्यात भिंग पाणी पिऊन फुगतं, दुधी होतं आणि प्रथिन बाहेर सोडतं.

रुंद टोकाचं कवच चिमट्याने तोडून टोपीसारखं काढा. खालचा पांढरा पापुद्रा फाडा. भ्रूणाला छिद्रं असलेल्या चमच्याने उचलून थंड मिठाच्या पाण्यात घ्या आणि पहिलं काम म्हणून डोके चटकन वेगळं करा. रेंगाळू नका. मग डोकं दुसऱ्या, स्वच्छ थंड मिठाच्या पाण्यात. तिथून तिसऱ्या. हे तीनदा धुणं कंटाळवाणं आहे. ते का करायचं ते पुढे सांगते.

डोळा मागून चिमट्यात धरून सोडवा. मागच्या बाजूने कात्रीने छेद द्या आणि हलकेच दाबा. पारदर्शक घट्ट रसासोबत भिंग बाहेर येतं, भोवती काळ्या झालरीसकट. ती झालर काढायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले. शेवटी जमलेली रीत अशी: ओल्या गाळणकागदावर भिंग ठेवायचं आणि चिमट्याच्या पाठीने, टोकाने नव्हे, हळूच लोळवायचं. काळा थर आणि रस कागदाला चिकटत जातो, आणि दोन-तीन वळशांत एक स्वच्छ थेंब उरतो. सहाव्या दिवशी तो खसखशीच्या दाण्याएवढा असतो. बाराव्या दिवशी मोहरीपेक्षा मोठा, आणि तेव्हा त्याच्याखाली वहीवरची ओळ धरली तर अक्षर उलटं दिसतं. अजून डोळे न उघडलेल्या जिवाचं भिंग काम करतंय हे बघून मी पाच मिनिटं काहीच केलं नाही.

सहा दिवसांची दहा-बारा भिंगं एकत्र करा, आठची सहा-आठ, बाराची दोन-तीन पुरतात. बर्फावरच्या नळीत टाका आणि नळीवर वय, अवस्था, संख्या, तारीख लिहा. साध्या मार्करची शाई बर्फाच्या पाण्यात जाते, वर सेलोटेप लावा. त्याच भ्रूणांचं दृष्टिपटलही वेगळ्या नळीत ठेवा, तुलनेला लागेल.

८. प्रथिन बाहेर काढणं आणि मोजणं

भिंगं थंड बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) प्लास्टिकच्या छोट्या मुसळीने चिरडा. ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.४ पुरे. प्रथिनं खाणारी एन्झाइमं थांबवायला पीएमएसएफ घालणार असाल तर ते ऐन वेळी घाला. पाण्यात ते लवकर निकामी होतं, म्हणून साठा आयसोप्रोपेनॉलमध्ये करतात. विषारी आहे, हातमोजे घाला.

मग ४ अंशांवर १५-२० मिनिटं सेंट्रिफ्यूज. इथे एक जुना घोळ आहे. शोधनिबंधात ‘१०,००० जी’ (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) लिहिलेलं असतं आणि आपण यंत्रावर १०,००० आरपीएम (मिनिटाला फेरे) लावतो. ६ सेंटिमीटर त्रिज्येच्या छोट्या रोटरवर १०,००० आरपीएम म्हणजे जेमतेम ६,७०० जी. सूत्र सोपं आहे: ०.००००१११८ गुणिले सेंटिमीटरमधली त्रिज्या गुणिले आरपीएमचा वर्ग. ते यंत्राच्या झाकणावर चिकटवून टाका, पुढच्या बॅचचे लोक दुवा देतील.

वरचं स्वच्छ पाणी, म्हणजे विरघळलेली क्रिस्टलिनं, वेगळं करा. आता ब्रॅडफोर्ड पद्धतीने मोजा: तपकिरी रंग निळा होतो, ५९५ नॅनोमीटरवर वाचायचं. मोजणी सॅम्पल बफर (जेलवर चढवण्याआधी नमुन्यात मिसळायचं द्रावण) घालण्याच्या आधी करा. सॅम्पल बफरमधल्या एसडीएस या साबणासारख्या रसायनानेही ब्रॅडफोर्डचा रंग बदलतो आणि आकडे आकाशाला भिडतात. मी एकदा अशा आकड्यांवर अख्खा तक्ता काढला होता. क्वार्ट्झची कुवेट वापरू नका, निळा डाग बसतो आणि लॅब असिस्टंटची बोलणी खावी लागतात.

९. जेल

१२ टक्क्यांच्या १० मिली जेलसाठी: पाणी ३.३ मिली, ३० टक्के अॅक्रिलामाइड ४ मिली, १.५ मोलर ट्रिस पीएच ८.८ अडीच मिली, १० टक्के एसडीएस १०० मायक्रोलिटर, १० टक्के एपीएस १०० मायक्रोलिटर, टेमेड ४ मायक्रोलिटर (ही शेवटची दोन जेल गोठवतात). वरचं स्टॅकिंग जेल ५ टक्क्यांचं, पीएच ६.८. न गोठलेलं अॅक्रिलामाइड नसांवर परिणाम करतं, म्हणून पावडर तोलण्यापेक्षा तयार द्रावण घ्या.

जेल गोठत नसेल तर दहापैकी नऊ वेळा दोष एपीएसचा. हे पांढरे खडे हवेतलं पाणी ओढतात, आणि ठाण्याच्या जुलैत दुसरं काही मिळतच नाही. चांगल्या एपीएसवर पाणी टाकलं की बारीक तडतड ऐकू येते, फोडणीतल्या मोहरीची धाकटी बहीण. तडतड नसेल तर बाटली बदला. द्रावण दरवेळी ताजं करा. उलट मे महिन्यात जेल पिपेटमध्येच गोठायला लागतं. तेव्हा टेमेड सगळ्यात शेवटी, आणि काचा आधी गार करून घ्या.

नमुने सॅम्पल बफरमध्ये ९५ अंशांवर ५ मिनिटं उकळा. भिंगाचं प्रथिन दर खान्यात ५ मायक्रोग्रॅम पुरे. जास्त घातलंत तर डेल्टाचा पट्टा पसरून शेजारच्यांना गिळतो. ८० व्होल्टवर सुरू करून, निळी रेघ खालच्या जेलमध्ये शिरली की १२०. मग कूमासी ब्ल्यूने रंगवा. रंग उतरवताना डब्यात टिश्यू पेपरची गाठ टाकून ठेवा, सुटलेला रंग ती शोषते.

१०. माझी फसगत, आणि दोन जास्तीचे खाने

पहिल्या चांगल्या जेलवर मला ४५ आणि ५० किलोडाल्टनच्या मधे एक जाडजूड पट्टा मिळाला. डेल्टा! मी फोटो काढला, आईला पाठवला, मैत्रिणीला ठाणे स्टेशनबाहेर वडापाव खाऊ घातला. दुसऱ्या दिवशी मॅडमनी जेल दिव्यावर धरला आणि शांतपणे विचारलं, “अगं, दृष्टिपटलाच्या खान्यातही हाच पट्टा एवढा जाड कसा?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनीच दाखवलं: वर ७६-७८च्या आसपास एक फिकट पट्टा होता आणि अगदी तळाला १४च्या जवळ आणखी एक. ही तिघांची टोळी म्हणजे अंड्याचा पांढरा भाग. ओव्होट्रान्सफेरिन वर, लायसोझाइम तळाला, आणि मधे ओव्हाल्ब्युमिन. पांढऱ्यातलं निम्म्याहून जास्त प्रथिन एकटं ओव्हाल्ब्युमिन असतं आणि त्याचं वजन साधारण ४५ किलोडाल्टन, डेल्टाच्या अगदी उंबऱ्यावर. मी भिंगाचं नाही, ऑम्लेटचं जेल चालवलं होतं. तीन वेळा धुवा म्हणाले ते यासाठी.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक जेलवर एका खान्यात पातळ केलेलं अंड्याचं पांढरं आणि एकात बलक असतो. नमुन्याच्या खान्यात ७६चा किंवा १४चा पट्टा उगवला की तो नमुना बाद. पुष्कळ कंपन्यांच्या वजनपट्टीतही (माहीत वजनाच्या प्रथिनांचं मिश्रण) ओव्हाल्ब्युमिन घातलेलं असतं, तेव्हा तोच पट्टा रेघ म्हणून वापरा: खरं डेल्टा त्याच्या किंचित वर बसायला हवं. १२ टक्क्यांवर दोघं चिकटून दिसले तर एक जेल १० टक्क्यांचं करून जास्त वेळ चालवा.

दृष्टिपटलाच्या खान्यात ५०च्या वर थोडं आणि ४२ला काही दिसेल. ती ट्युब्युलिन आणि अॅक्टिन, मज्जापेशींत ती असणारच. तिथे भिंगासारखा राक्षसी पट्टा मात्र नको. १६च्या जवळ काही आलं तर ते बहुधा रक्तातलं हिमोग्लोबिन, म्हणजे धुण्यात अजून कसर आहे. आणि पॅक्स-६ या नियंत्रक प्रथिनाचं वजन ४६-४८ असतं म्हणून ‘हा पट्टा पॅक्स-६’ असं लिहायचा मोह आवरा. ते पेशीत इतकं कमी असतं की कूमासीला दिसणार नाही, त्याला अँटिबॉडी आणि वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडीने एकच प्रथिन ओळखायची पद्धत) लागतो. साध्या जेलवरून ‘डेल्टा क्रिस्टलिनशी जुळणारा पट्टा’ एवढंच लिहा.

११. नोंदी आणि आवराआवर

जेल ओला असतानाच पांढऱ्या दिव्यावर फोटो काढा, शेजारी पट्टी आणि खान्यांची नावं ठेवून. उद्या काढू म्हणून ठेवलेला जेल माझ्याकडे शनिवार-रविवारमध्ये वाळून पापडासारखा तडकला होता. फोटोची मूळ फाइल मेलवर ठेवा; व्हॉट्सअॅपवरून गेलेल्या फोटोत फिकट पट्टे मरतात, आणि पट्ट्यांची घनता मोजायची झाली तर तो उपयोगाचा नाही.

न वापरलेली, उबवायला न लावलेली अंडी कुणी घरी न्यायला मागितली तर देऊ नका. लॅबमध्ये आलेलं काहीही पोटात जाऊ नये, एवढं सरळ आहे. उबवलेली आणि न उघडलेली अंडी आधी रात्रभर ४ अंशांत ठेवा, मग पिवळ्या पिशवीत. कूमासीच्या डब्यातलं मिथेनॉल बेसिनमध्ये ओतायचं नाही, त्यासाठी वेगळा कॅन असतो. आमच्याकडे तो कपाटामागे होता आणि कुणालाच माहीत नव्हता. इनक्युबेटर सॅव्हलॉनच्या पाण्याने पुसून दार उघडं ठेवून वाळवा, आणि चावी ज्याच्याकडून घेतलीत त्याच्याच हातात द्या.